सोयाबीनच्या गोदामातली 'उन्हाळी'

आजच्या गौरव सोहळ्याचे अध्यक्ष आणि ज्यांच्या छडीचा प्रसाद या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी घेतलेला आहे ते आदरणीय रामराव सर. व्यासपीठावर विराजमान झालेले नगरातील सर्व मान्यवर. जिच्यासाठी आपण आज इथे जमलो आहोत ती आपल्या रिसोडची लेक, गिटारवादक रत्नमाला जगदेव खिल्लारे. तिचे वडील, माझे स्नेही जगदेवराव गुरुजी. तिचा साथीदार, ड्रम वाजवणारा सोमला आडे. आणि एवढ्या उन्हात, लग्नसराईतून वेळ काढून आलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी कांतीलाल. धान्याचा व्यापारी. घरी मारवाडी बोलतो, दुकानात वऱ्हाडी आणि माईक समोर आला की पुस्तकी मराठी. तेव्हा जिथे गाडी घसरेल तिथे सांभाळून घ्या. इथे उभं राहण्याचा माझा अधिकार एवढाच, की रत्नमालेचा पहिला जॅझ अल्बम माझ्या सोयाबीनच्या गोदामात रेकॉर्ड झाला. अल्बमचं नाव 'उन्हाळी'. तिने हे नाव सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अगं पोरी, उन्हाळी तर लघवीला जळजळ होते तिला म्हणतात. ती म्हणाली, काका, मले माहीत हाय. जळजळच हाय ना थे. (हसा, हसा. पुढे हसण्याजोगं कमी आहे.)

आयोजकांनी मला 'रेकॉर्डिंगच्या गोड आठवणी' असा विषय दिला. मी खोटं कसं बोलू? गोड आठवणी थोड्या आहेत. बाकी सगळं रक्ताने माखलेलं आहे. खटला कोर्टात चालू आहे, मी त्यात साक्षीदार आहे, आणि जे तिथे शपथेवर सांगितलं तेच इथे सांगणार आहे. तिसऱ्या रांगेत आमच्या अंगुरीबाई बसल्या आहेत, त्या मला मानेनं 'नको' म्हणताहेत. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांचं पुष्कळ ऐकलं. आज नाही ऐकत.

रत्नमाला गिटार शिकली ती वडिलांकडून. जगदेवराव गुरुजी जयंतीच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे ती नागपूरला शिकायला गेली आणि तिथे हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती गृहस्थाकडून तिने जॅझ शिकून घेतलं. जॅझ म्हणजे काय, ते मला विचारू नका. मी सोमलाला विचारलं होतं. तो म्हणाला, "काका, रस्ता ठरेल असते. चाल आपली आपण ठरवाची."

मग तिचं लग्न झालं. मुलगा मंगरूळपीरचा, रवी. शिकलेला, नोकरीवाला. लग्नाच्या दिवशी तिचा तो अवजड ॲम्प्लिफायर त्याने स्वतः खांद्यावर उचलून गाडीत ठेवला होता. मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मनात म्हटलं, पोरीचं नशीब चांगलं आहे. माणूस ओळखण्यात माझ्यासारखा व्यापारी एवढा चुकतो, तर बापाचं काय सांगावं?

एका संध्याकाळी ती अकोल्याहून कार्यक्रम करून आली. रवी जेवत होता. त्याने विचारलं, कोणाच्या गाडीत आलीस? तिने सांगितलं, सोबतच्या वादकांच्या. तो ताटावरून उठला आणि खरकट्या हाताने तिच्या डाव्या कानावर मारली. ती भिंतीला आपटली. ती उठली की तो मारायचा, पुन्हा उठली की पुन्हा. कानातून रक्त आलं तेव्हा तो हात धुवायला गेला. हे तिने अंगुरीबाईंना सांगितलं, तूर निवडता निवडता, मान वर न करता. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला आहे. तेव्हापासून त्या कानात फक्त एक शिट्टी वाजत राहते. गिटारवाल्या बाईचा कान, मंडळी. दुसऱ्या दिवशी ती रुमाल कानाला धरून एसटीने माहेरी आली. गिटार मांडीवर होती.

घटस्फोटाचा अर्ज केल्यावर ती माझ्याकडे आली. म्हणाली, काका, तुमच्या गोदामात पोत्यांच्या थप्प्या हायेत म्हणून आवाज घुमत नाई, मले तिथं रेकॉर्डिंग करू द्या. माझा पुतण्या अर्हम पुण्याला ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेऊन आलेला, त्याने यंत्रं आणली. पोहरादेवीकडच्या तांड्यावरून सोमला आला. यात्रेत नगारा वाजवत मोठा झालेला माणूस. दारातून आत यायचं तर वाकावं लागतं एवढा उंच. एप्रिलचा शेवट होता, वर टिनाचं छप्पर, आणि पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून पंखे बंद. असे ते दोघं बसले.

आणि सोमलाने पहिला टोला दिला. त्या ड्रममध्ये एक लहान, कडक आवाजाचा असतो, आपल्या ताशासारखा, त्याच्यावर. रत्नमालेचा हात तारांवरून सुटला आणि कानावर गेला. मान खांद्यात. डोळे मिटलेले. अर्हमने रेकॉर्डिंग थांबवलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा टोला, पुन्हा हात कानावर. तिला तो आवाज ड्रमचा वाटतच नव्हता.

सोमलाला कळलं तेव्हा त्या एवढ्या मोठ्या माणसाने काठ्या खाली ठेवल्या. म्हणाला, ताई, मी तारांच्या कुंच्यानं हळू वाजवतो, त्याचा आवाज नुसता पानाच्या सळसळीवानी येते. तेव्हा ती जे बोलली ते मी तसंच सांगतो.

"नाई. जोरातच मार. तू वाजवून राह्यला, मारून नाई राह्यला, हे माह्या हाताले शिकू दे."

पुढचे कितीतरी दिवस एक गाणं झालं नाही. तो मारायचा, ती दचकायची. मी दारात खुर्ची टाकून बसायचो आणि मला वाटायचं, हे संगीत आहे की शिक्षा? एके दिवशी मी उठून गेलो, बघवेना. आणि मग हळूहळू काय झालं, की दचकली तरी तिचा हात कानाकडे जाण्याऐवजी तारांवर पडू लागला. वेडावाकडा, जोरात, कधी चुकीच्या जागी. पण पडू लागला. अल्बममधलं पहिलं वादन ऐका. त्यातली गिटार मधूनच किंचाळल्यासारखं करते. पुण्याच्या एका जाणकाराने लिहिलं की ही फार धाडसी शैली आहे. शैली कसली? पोरगी दचकत होती.

दोन वादनं पूर्ण झाली आणि तिसरं सुरू होतं. भरदुपार. बाहेर जीप थांबली. रवी आणि त्याचे दोन मित्र. मित्रांची नावं आरोपपत्रात आहेत, इथे नकोत. रवीच्या हातात काही नव्हतं. एका मित्राच्या हातात लोखंडी गज होता.

रवी म्हणाला, चाल घरी. ती म्हणाली, नाई येत. आवाज चढवला नाही तिने. सोमला उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, दादा, बाहेर बसून बोलू. हात जोडलेलेच होते, मंडळी, तेव्हा गज त्याच्या डोक्यावर बसला. तो आवाज कसा होता ते मी सांगणार नाही. सोमला ड्रमवर कोसळला आणि सगळं सामान घेऊन खाली आला. दुसऱ्याने अर्हमला पोत्यांवर दाबून धरून तोंडावर बुक्क्या मारल्या. त्याचे पुढचे दोन दात आज दिसतात ते खोटे आहेत. मी एकाचा सदरा धरला. त्याने मला झटकलं, माझा चष्मा पडला आणि त्यावर त्याचाच पाय पडला. पुढचं मी धूसर पाहिलं.

रवीने गिटार उचलली आणि वजनकाट्यावर आपटली. एकदा, दोनदा, मान तुटेपर्यंत. मग रत्नमालेचे केस मुठीला गुंडाळले आणि तिला शटरकडे ओढू लागला. ती पोत्याची सुतळी धरत होती, जमीन धरत होती, तिची नखं निघाली. ओरडली नाही. मीच ओरडत होतो.

आणि मागच्या दारातून अंगुरीबाई आल्या.

ही बाई पाणी गाळून पिते. सूर्य मावळला की अन्नाला शिवत नाही. मुंगी पायाखाली आली तर दिवसभर हळहळते. तिच्या हातात परखी होती, पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढतात ती लोखंडाची. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि रवीच्या मनगटावर घातली. त्याने केस सोडले नाहीत. तिने पुन्हा घातली. हाड मोडलं, आणि मूठ उघडली.

तोवर शेजारच्या अडतीतले हमाल धावले. त्यांनी सोमलाचं रक्त पाहिलं आणि मग त्यांना कोणी थांबवू शकत नव्हतं. मित्र जीपकडे पळाले, रवी सापडला. आता तो खाली होता आणि पाच-सहा जण लाथा घालत होते. पोटात, तोंडात. आणि मी, अहिंसेच्या घरातला माणूस, मला त्या वेळी ते चुकीचं वाटत नव्हतं. थांबवलं ते रत्नमालेने. ती रांगत त्यांच्यामध्ये गेली. कोणी म्हणेल, नवरा म्हणून दया आली. तसं काही नाही. ती म्हणाली,

"सोडा त्याले. तो मेला तर आपण सारे जेलात बसू, अन् माहं काम तसंच राहीन."

पोलीस आले, पंचनामा झाला. सोमलाला वाशिमला नेलं, टाके घातले, आठवडाभर तो उजेडाकडे बघू शकत नव्हता. आमच्या अंगुरीबाईंचाही जबाब झाला. त्यांनी साहेबांना सांगितलं, हो, मी मारलं, दोनदा मारलं, पहिल्यानं सोडलं नाही म्हणून दुसऱ्यांदा.

आता एक गोष्ट कोणाच्या ध्यानात नव्हती. अर्हमचं यंत्र चालूच राहिलं होतं. गज, गिटार, माझं ओरडणं, सगळं रेकॉर्ड झालं होतं. पोलिसांनी पुरावा म्हणून ते घेतलं. पण अल्बम काढणाऱ्या लोकांच्या कानावर गेल्यावर ते म्हणाले, याचा एक तुकडा अल्बमच्या सुरुवातीला टाका, सगळ्या देशात चर्चा होईल. अर्हमलाही ते पटलं होतं. मलाही, खरं सांगतो, पटलं होतं. जगाला कळू दे, असं वाटलं.

रत्नमालेने ते एकदा ऐकलं. चांगला कान हेडफोनला लावून, शेवटपर्यंत. मग हेडफोन काढला आणि म्हणाली,

"त्याले मी माह्या घरातून काढलं. रेकॉर्डमंदी कायले ठिऊ?"

विषय संपला. ती म्हणाली, तिसरं वादन पुन्हा घेऊ. जगदेवराव गुरुजींनी ट्रंकेवरची आपली जुनी गिटार खाली काढून दिली. सोमला आला, डोक्याला पट्टी. आणि आता पाहा, या वेळी तो दचकू लागला. बाहेर कोणी शटर ओढलं की त्याच्या काठ्या हवेतच थांबायच्या. रत्नमालाही थांबायची. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत तारांवर हात ठेवून थांबायची आणि मग दोघं तिथूनच पुढे जायचे. तिसऱ्या वादनात मध्येच अशी शांतता आहे. ती त्यांनी कापली नाही. लोक अजून मला फोन करतात, शेटजी, गाणं मधी बंद पडते, खराब हाय का? मी सांगतो, थांबा जरा.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे बघत आहेत. एवढंच सांगतो आणि बसतो.

त्या भाद्रपदात संवत्सरी आली. आमच्यात त्या दिवशी वर्षभर ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागतात. अंगुरीबाईंनी उपवास केला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, मंगरूळपीरला जायचं. मी म्हटलं, वेड लागलं का? त्या म्हणाल्या, हात मी मोडला, क्षमा मी मागणार. पोरीला सोडवलं त्याची मागणार नाही. आम्ही एसटीने गेलो. रवी जामिनावर होता, पण घरी नव्हता. दार त्याच्या आईने उघडलं. अंगुरीबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच हात जोडले आणि आपलं म्हणणं सांगितलं. त्या माउलीने ऐकून घेतलं. आम्हाला पाणी दिलं. मुलाबद्दल, खटल्याबद्दल एक शब्द नाही. आम्ही निघालो तेव्हा तिने अंगुरीबाईंचा पदर धरला.

"बाई, रत्नीचा कान कसा हाय?"

अंगुरीबाई म्हणाल्या, एकाच कानानं ऐकते.

त्या बाईने पदर सोडला नाही. खाली बघत म्हणाली, "मी त्या दिवशी घरातच होती. भाकरी टाकून राह्यली होती. टाकतच राह्यली."

पुढच्या महिन्यात ती कोर्टात आली आणि मुलाच्या विरोधात हेच बोलली. निकाल लागायचा आहे. लागेल तेव्हा लागेल.

आयोजकांनी मला बोलावलं, आपण शांतपणे ऐकून घेतलं, रामराव सरांनी छडी न उगारता वेळ दिला, सर्वांचा मी ऋणी आहे. आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो असेन, कुणाच्या घरातलं काही नकळत उघडं पडलं असेल, कुणाला लागलं असेल, तर मन, वचन, कायेने मी क्षमा मागतो. अंगुरीबाईंची घरी गेल्यावर वेगळी मागेन.

रत्नमाला, ये बेटा. सोमला, तूही ये. माईक तुमचा आहे.