नाव झाकलेलं खातं

— नाही नाही, चहा घ्या आधी, सर, तपासणी काय, दिवसभर चालायचीच आहे. तर काय म्हणत होतात — हा अलर्ट मी उघडल्या उघडल्या बंद केला? केला असेल! सकाळी मशीन सुरू केलं की पडदा लालेलाल — याने रोकड भरली, त्याने काढली, काळ्याचं पांढरं होतंय का बघा — आणि बघणारी कोण? मी एकटी. त्यात तुमच्या हेड ऑफिसची ही नवी शक्कल, ग्राहकाचं नाव झाकायचं, नुसता खाते नंबर दाखवायचा. का? तर ओळखीच्या माणसाला आम्ही पाठीशी घालू नये. वा! आणि त्या ठेकेदाराचं काय? नावं उघडी होती तेव्हा मी वर कळवून कळवून थकले — पिशव्या भरभरून रोकड येते, लगेच भलतीकडेच जाते — तर आमचे मॅनेजर म्हणतात, बाई, जुना ग्राहक आहे, जरा दमानं घ्या. मग त्याचं खातं मशीनमधून वगळूनच टाकलं. म्हणजे याच्याकडे बघूच नकोस! मशीन बिचारं आज्ञाधारक. तपासणी तेव्हाही झाली होती की, सर — चहा पिऊन गेले सगळे. बढती अडली ती माझी. म्हणे, ग्राहकांशी जुळवून घेत नाहीत.

आणि आज तुम्ही बोट ठेवता कुठे, तर या खात्यावर! अहो, आहे काय यात? कुणाचे तरी पैसे आले, पुढे गेले. शिवणकाम करणारी बाई ती, नवरा अंथरुणाला खिळलेला. कुणी गोड बोलून म्हणालं, वहिनी, खातं जरा वापरू द्या, महिन्याला काहीतरी देऊ — तिला काय कळतंय चोरीचे पैसे न् कशाचे? तुम्ही खातं गोठवाल, पोलीस दारात उभे कराल, आणि ठेकेदार खुशाल फिरेल. लहानपणापासून भोळीच हो ती, कुणीही यावं न् टोपी घालावी. मी फाडफाड बोलले तिला, रडली, म्हणाली, ताई, पुन्हा नाही —

काय?

नाव? नाही... नाव कसं दिसेल, सर. झाकलेलंच असतं.

चहा निवला तुमचा.