उजवीकडचं पदक

शिंप्याच्या दुकानात माझ्यापुढे एक आजी होत्या.

“मास्तर, माझ्या कोटाची ही उजवीकडची पदकाची पट्टी उसवा.”

“अहो, गेल्या महिन्यात मीच शिवली ना? गेलेल्या जवानाचं पदक आईनं उजवीकडेच लावायचं असतं.”

“गेलाय कुठे तो? काल दारात उभा! पायाला गोळी लागून परक्या मुलखातल्या इस्पितळात पडला होता.”

“काय सांगता!”

“आल्या आल्या म्हणतो, आई, भूक लागलीय.”

“मग पदक परत करायचं?”

“छे! जखमी झालेल्यालाही तेच मिळतं. आता त्याच्या कोटावर, डावीकडे.”

“आणा कोट.”

“कुठला आणू? त्याचे सगळे कपडे मी वाटून टाकले. नवा शिवा.”

“मग मापाला पाठवा त्याला.”

“बाहेरच उभाय. तुमच्या अंगावर स्वतःचा शर्ट बघून हसतोय मघापासून.”