मिरचीचं मलम

रिसालीच्या दवाखान्यात औषधाच्या रांगेत गिरजाबाई नवऱ्यावर, आनंदरावांवर, भडकल्या होत्या.

"दोन वर्षं लवंगाचं तेल लावलं, दोन दाढा उपटल्या. अन् दुखत होती गालाची नस!"

"मले का मालूम?"

"मी रडली की 'नाटक करून राहिली' म्हनत होते तुम्ही. चार लोकांसमोर!"

"आता भेटलं ना मलम. पन मिरचीचं मलम गालाले? डॉक्टर येडा आहे का?"

"ट्यूब उघडू नका. बोटाले लागन."

"तीस वर्षं कारखान्याच्या भट्टीवर काढली मी. मिरचीनं का होते?"

ट्यूब उघडून बोटावर घेतलेलं मलम हुंगून आनंदरावांनी त्याच हातानं डोळ्यावरचा घाम पुसला.

"मेलो! गिरजा, पानी आन!"

गिरजाबाईंनी ट्यूबचं झाकण सावकाश लावलं.

"ओरडू नका. चार लोकं पाहून राहिले. नाटक कावून करता?"