हॅमर्सची मालकीण

तो पडदा उघडा नका ना ठेवू, मिस्टर यानिक — काच बसवायला उजेड लागतो, कळतंय मला — पण समोर फुटपाथवर कोणी उभं आहे का बघा आधी. नाही? नक्की? बरं. वीट तिथूनच आली, सकाळी, मी कॉफी ओतत होते. पोलीस म्हणाले, पोरंटोरं असतील. पोरं कसली! हॅमर्स संघ विकला म्हणून अख्खं गाव खवळलंय. तुम्हीही हॅमर्सवालेच म्हणा — इथे कोण नाही?

आम्हाला शिव्या घालतात, पण हा संघ काही आमच्या बापजाद्यांनी काढलेला नव्हे हो. पहिला मालक शवपेट्या विकायचा — फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं त्याला, दोन हंगामांत हात टेकले. मग गिरणीतली माणसं आजोबांच्या सॉसेजच्या दुकानात येऊन बसली, त्यांना म्हणाली — ओटमार, तू नाही घेतलास तर आपला संघ शिकागोवाले नेतील! घेतला. त्यांच्यानंतर पप्पा. पप्पा गेले आणि उरलो आम्ही तिघं — माझे दोघे भाऊ, रस आणि डेनी, आणि मी. रसला विकायचा होता, त्या ॲरिझोनावाल्याला — वाळवंटात स्टेडियम बांधून बसलाय तो. डेनी म्हणाला, माझ्या मढ्यावरून न्या. म्हणजे एक इकडे, एक तिकडे — मग राहिलं कोण?

नाही, म्हणजे — रसनेच विकला. पेपरात आलंय तसंच. तुम्ही थांबलात का? पुट्टी वाळेल ना.

असे बघू नका हो. बरं, मीच. मीच हो म्हटलं. पैशांसाठी नाही, देवाशप्पथ! नऊ वर्षांची होते मी. अंतिम सामना हरलो आणि स्टेडियमबाहेर लोकांनी आमची गाडी घेरली — होडीसारखी हलवत होते, मी आत — आणि सगळे ओळखीचे! आमचा पाववाला होता त्यात. चर्चमध्ये आम्हाला गाणी शिकवणारी बाई, काचेला तोंड लावून किंचाळत होती. पप्पा नुसते हसत राहिले. पुढच्या हंगामात पहिल्याच रविवारी मला परत घेऊन गेले, म्हणाले, लोकांना हात कर, बाळा. तेव्हापासून हात करतेय मी — आणि दर रविवारी गाडीची दारं दोनदा तपासते. डेनीला कसं सांगणार? त्याचा जीव आहे त्या माणसांवर. मला वाटलं, संघ गेला की भीतीही जाईल. जातेय कुठे?

अवजारं का भरताय? अहो, काच अर्धीच बसलीय — तळ्यावरचा वारा थेट आत येतोय. एक फळी तरी ठोका! तीही नाही? मग जा! चालते व्हा! पण हे कोणाला सांगू नका — रसचंच नाव राहू दे, त्याला सवय आहे, त्याला काही वाटत नाही — ऐकताय ना?

दार तरी लावून जा... मिस्टर यानिक? कोपऱ्यावर कोणाशी बोलताय? कोण आहेत ती माणसं? अहो — इकडे बोट नका ना दाखवू —