गणराज झोपायचा ती खाट

...आणि बाक स्टीलचा हो! चकचकीत! आणि ती मुलगी माईकवर सांगतेय, 'याच बाकावर गणराजनं पहिलं गाणं लिहिलं.' कासारवाडी स्टेशन, चाळीस माणसं, सगळ्यांच्या टी-शर्टवर त्या रॉकवाल्या गणराजचं झिपरं तोंड, आणि बाक बघून डोळे पुसतायत. मी म्हटलं, ताई, गणराज इथून गेला अठ्ठावीस वर्षांपूर्वी, बाक आला गेल्या वर्षी, मग लिहिलं कुठं बसून? तर ती वर्षाराणी, गणराजच्या जुन्या जागा दाखवत सहल नेणारी, हसून म्हणते, 'काका, भावना बघा ना.' तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षं या पट्ट्यात बातमीदारी केली, भावना बघून एक ओळ छापली नाही. मी जागेवर जाऊन लिहिणारा माणूस आहे.

म्हणून तर आमच्या संपादक नेहाला, वयानं माझ्या मुलीएवढी, टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, ही सहल म्हणजे थोतांड आहे, सोमवारचं पहिलं पान मोकळं ठेव. ती म्हणाली, 'ठेवते. पण सर, रिकाम्या हातानं आलात तर ही शेवटची बातमी. मग घरी आराम करा.' म्हणजे बघा, त्या गणराजच्या पायात माझी नोकरी अडकलेली!

पुढे काळेवाडी. उद्धवरावांचं केशकर्तनालय. म्हणे गणराजनं इथंच केस वाढवायचं ठरवलं. अहो, केस वाढवायला न्हावी कशाला लागतो? वहीत लिहिलं, दोन जागा खोट्या. आणखी एक सापडली की पान भरलं.

तिसरी जागा कुरुळी. गवराबाईंची पत्र्याची खोली. खाट एक, भाडेकरू तीन, कारण तिघांच्या शिफ्ट वेगळ्या. एक उठून कंपनीत गेला की दुसरा त्याच उबेत आडवा. त्या तिघांतला एक गणराज. मी म्हातारीला घेरलंच. पावती आहे? साक्षीदार? पुरावा काय?

'पुरावा व्हय? त्यो काय भिताडावर.'

भिंतीवर काचेत पेपरचं कात्रण. वर्षाराणी माईकवर वाचायला लागली, 'कुरुळीत गिटारचा धिंगाणा, कामगारांच्या निद्रेचे खोबरे... आमच्या वार्ताहराकडून.' निद्रेचे खोबरे असं लिहिणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस होता...

गवराबाई म्हणाली, 'ही बातमी आली आन् गाव माझ्या दारात. त्याच दिशी पोराला खोली सोडाय लागली. लिवनाऱ्यानं येकदा बघायचं तरी. गिटार इजेवरची. खोलीत लाइटच न्हवती. वाजनार कशी? झोपल्याला जाग येऊ नये म्हनून नुसती बोटं फिरवायचा.'

आता त्या दिवशी काय झालं होतं, सांगतो. संपाची गडबड होती, फोनवर कुणीतरी तक्रार केली, मी ऑफिसात बसूनच आठ ओळी... मी जागेवर जाऊन लिहिणारा माणूस आहे, पण एखाद्या दिवशी होतं की नाही असं? होतं ना?... बोला की.

वर्षाराणीनं विचारलं, 'हा वार्ताहर कोण, अजून कळलं नाही. काका, तुम्ही जुने, ओळखता का?' चाळीस तोंडं माझ्याकडे वळलेली. खिशात नेहाचा फोन थरथरतोय. गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? 'आमच्या वार्ताहराकडून' या दोन शब्दांमागे अख्खी नोकरी लपवता येते. पण म्हातारी माझ्या उघड्या वहीकडे बघत होती.

'लिवा की, सायेब,' ती म्हणाली. 'तुमी तर आलाय जागेवर.'

लिहिलं. पहिल्या पानावर, नावासकट. अंक खपला, नोकरी वाचली. गवराबाईंकडे माफी मागायला गेलो, तर म्हातारी म्हणाली माफी नको, चाळीस जणांम्होरं सांगा. तेव्हापासून सहलीच्या पत्रकात चौथी जागा छापतात, ती म्हणजे मी. दर रविवारी, सकाळी अकरा, कुरुळी, काचेशेजारी उभा. लोक फोटो काढतात, वर्षाराणी माईकवर माझं वय सांगते, आणि बाकाचं विचारायला तोंड उघडलं की म्हातारी म्हणते, सायेब, मधी बोलू नका. मी जागेवर जाणारा माणूस आहे हो... आता जागेवरून हलू देत नाहीत.