रिकामी खुंटी

सव्वानऊला, काका, बरोब्बर सव्वानऊला हे माझ्या लक्षात आलं, आणि तुम्ही मला सही कर म्हणताय — ठेवा हो ते रजिस्टर बाजूला! गेटपास कुठून असणार, तळवड्याहून रिक्षा बदलत आलेय, पोरगी कडेवर. आमच्या शेठनंच पाठवलंय तुमच्या साहेबांना निरोप द्यायला. फोन? करून करून बोट दुखलं, आत स्पीकर एवढा लावलाय, कोण उचलतंय!

ऐका. काल तुमच्याकडं पॅनल आलं ना — ते लोखंडी कपाट, प्लास्टिकचं भंगार दळायच्या नव्या मशीनचं? ते आम्ही वायरिंग केलंय. आत मोटर चालवणारा ड्राइव्ह असतो, त्याला दोन टोकं असतात, लाल बटणाची. बटण दाबलं की तिथली जोडणी तुटते, मोटर थांबते. पण बटण बसतं तुमच्या मशीनवर, आमच्या शेडमध्ये कुठलं? म्हणून टेस्टिंगपुरता त्या टोकांत वायरीचा तुकडा टाकून ती जोडून ठेवतो — लूप म्हणतो त्याला. टेस्टिंग झालं की काढायचा, खुंटीला अडकवायचा. खुंटी रिकामी असली तर पॅनल बाहेर जात नाही, नियमच आहे. मग गेलं कसं? काल खंडेनवमी नव्हती का! पक्कड, मीटर, सगळं पाटावर मांडलं, खुंट्यांवरचे लूपही मीच उतरवले, हळदकुंकू वाहिलं. सगळ्याच खुंट्या रिकाम्या — त्यातली एक आधीपासूनच रिकामी होती हे कोणाला दिसणार? त्यात तुमचा टेम्पो दारात, दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा म्हणून घाई. आज पूजा उचलली, लूप परत अडकवत गेले, आणि शेवटच्या खुंटीला — नाहीच. पाटाखाली बघितलं, निर्माल्यात हात घालून बघितलं. नाही! म्हणजे तो तुमच्या पॅनलमध्ये आहे, काका.

नवरा म्हणाला गप्प बस, तिकडचा इलेक्ट्रिशियन बघेल — कोण नवरा? टेस्टिंगवाला म्हणाले मी... बरं, तोच. रणजीत. माझाच नवरा. परवा हिला ताप होता, मीच त्याला शेडमधून घाईनं बोलावून घेतलं, लूप तसाच राहिला. आणि शेठनं नाही पाठवलं मला. शेठला ठाऊकच नाही. कळलं तर उद्या दोघंही घरी बसू, झालं समाधान? — रडू नको गं बाई, झालं, झालं — पण इलेक्ट्रिशियनला नाही दिसलं तर? तो बटणाच्या वायरी खालच्या पट्टीवर जोडणार, लूप वर, ड्राइव्हच्या झाकणाआड. मशीन झोकात चालू होईल. आज घरच्यांनाही बोलावलंय ना तुमच्याकडं, बाया, पोरं? एखादीचा पदर ओढला गेला, कोणी धावत जाऊन लाल बटण दाबलं — दाबतच राहील तो, आणि मशीन दळतच राहील! तुमचं कोण आहे आत? नात? अहो, मग उभे काय राहिलात!

स्पीकर का बंद झाला? नारळ फोडतायत का? मला आत सोडणार नाही ना — नका सोडू, तुम्ही जा. सांगा, चालू करू नका, मेन स्विच पाडा, ड्राइव्हचं झाकण उघडून बघा. कोणी सांगितलं विचारलं तर कोणी एक बाई आली होती म्हणा... नको. कोणी एक बाईचं कोण ऐकतंय! टेस्टिंगवाल्या रणजीतच्या बायकोनं सांगितलंय म्हणा, नाव घेऊन सांगा, सगळ्यांना सांगा. पळा, काका. गेट मी बघते.