त्र्यंबकरावांचं वाचायचं यंत्र

बसा, बसा! मागचे पुढे या. खांबाला टेकलेल्यांनी जरा ताठ व्हा — खांब देवीचा आहे, झोपेचा नाही! पूर्वरंग झाला, कॉफी झाली, आता आख्यान. पण मंडळी, आधी एक सवाल! घाईनं उत्तर देऊ नका.

एक माणूस कामाची तयारी करतो. दुसरा माणूस तेच काम टाळतो. लांबून बघणाऱ्यानं ओळखायचं कसं, यातला कोण कोणता? दोघेही धावतात! दोघांनाही घाम! दोघांनाही विचारा, 'काय चाललंय?' — दोघेही म्हणतात, 'त्याच कामाला लागलोय!' मग फरक कशात? हसता काय, जोशीबुवा? तुम्ही अर्धा तास तबला जुळवत होतात, तेव्हा मी काही बोललो का?

ऐका तर.

साताऱ्यात त्र्यंबकराव करंबेळकर नावाचे गृहस्थ. एका छापखान्यात जन्म गेला. काम काय? मुद्रितशोधक! म्हणजे पुस्तक छापायच्या आधी कच्ची पानं वाचायची आणि चुका धरायच्या. डाव्या हाताला लेखकाची मूळ प्रत, उजव्या हाताला छापलेलं पान, कानावर निळी पेन्सिल. लेखक मोठा असो की छोटा, त्र्यंबकरावांच्या नजरेतून काना सुटत नसे, मात्रा सुटत नसे. अहो, लग्नाच्या पंगतीत बसले तरी आधी पत्रिकेतली चूक सांगायचे, मग जिलबीला हात लावायचे!

तर हे त्र्यंबकराव निवृत्त झाले. मुलगी एकच — चारुता. पुण्याला विद्यापीठात शिकत होती, पीएच.डी.चा प्रबंध लिहीत होती. विषय कोणता घेतला पोरीनं? छापखान्यातल्या माणसांची बोली! खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवणारे, छपाईच्या यंत्रावर उभे राहणारे, बांधणीवाले — ही माणसं आपसांत काय बोलायची, कुठल्या वस्तूला काय म्हणायची. म्हणजे काय झालं? बापाचंच आयुष्य पोरीनं लिहायला घेतलं की हो!

गणपती उठले आणि चारुताचा फोन आला. "बाबा, झालं लिहून! फाईल पाठवलीय तुमच्या मोबाईलवर. तुम्ही वाचल्याशिवाय मी छापायला देणार नाही. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी द्यायचाय विद्यापीठात. वाचाल ना?"

"वाचाल ना काय? हे काय विचारणं झालं?"

त्र्यंबकरावांनी फाईल उघडली. मोबाईल केवढा? तळहाताएवढा. आणि प्रबंध केवढा? दिवाळी अंक तीन एकावर एक ठेवा, तेवढा! अक्षर मुंगीएवढं. बोटांनी मोठं करावं तर अर्धी ओळ डावीकडे पळते. ती धरायला जावं तर पान खाली घसरतं. ओळ धरू की पान धरू? डोळ्यांतून पाणी!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, सरळ कागदावर छापून का नाही मागवलं? अहो, चारुतानं विचारलं होतं! "बाबा, छापून पाठवू का?" पण वाचनालयात रोज संध्याकाळी चार म्हाताऱ्यांना हेच सांगायचे ना त्र्यंबकराव, 'कागदाचा जमाना संपला, नवं शिका!' मग आता कागद कसा मागायचा? म्हणाले, "छे छे, रद्दी कशाला? मी वाचायचं एक चांगलं यंत्र घेतो. एकदाच घ्यायचं, पण नीट बघून घ्यायचं."

नीट बघून! मंडळी, या दोन शब्दांनी जेवढी कामं बुडवली तेवढी आळसानंही बुडवली नसतील!

सुरू झाली धावपळ. सकाळी पोवई नाक्यावरच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "काका, हा टॅब घ्या. पडदा मोठा, पान आख्खं दिसतं." हातात घेतला. "अहो, हा जड आहे. आरामखुर्चीत पडून वाचताना छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटेल! आणि चकाकतो किती!" दुसऱ्या दुकानात गेले. तिथला म्हणाला, "मग हे घ्या. कागदासारखा पडदा, डोळ्यांना त्रास नाही, उन्हात बसून वाचा." त्र्यंबकराव खूश! फाईल त्यात घातली — बघतात तो काय, पडदा पोस्टकार्डाएवढा, प्रबंधाचं पान त्यात चिमटून बसलेलं. पुन्हा मुंग्या! "असलं मोठ्या पडद्याचं आहे का?" "आहे की काका, मागवावं लागेल." "त्याच्यावर पेननं खुणा करता येतात? मला समासात खूण केल्याशिवाय वाचताच येत नाही हो." "बघावं लागेल." "बघा."

घरी आले आणि बसले गॅलरीत. कशाला? कुठलं यंत्र चांगलं, ते लोकांनी लिहिलेलं वाचायला. एकानं लिहिलंय, डोळे शांत राहिले. दुसरा म्हणतो, पान उलटायला वेळ लागतो. तिसरा म्हणतो, दुसऱ्याचं ऐकू नका. सकाळ गेली, दुपार गेली. मान खाली, बोट पडद्यावर. चहा निवला, कढवून आणला, पुन्हा निवला!

मंदाताई — म्हणजे त्यांचं कुटुंब — पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अहो, मी काय म्हणते, हे सगळं तुम्ही कशावर वाचताय?"

"कशावर म्हणजे? मोबाईलवर."

"डोळ्यांतून पाणी नाही येत?"

हाणला की नाही बरोबर! हसा, हसा! अहो, पोरीचा प्रबंध वाचायला मोबाईल छोटा, आणि मोबाईल छोटा कसा यावरची चार पोती मजकूर वाचायला तोच मोबाईल पुरला! त्र्यंबकराव काय म्हणाले? "तुला यातलं कळत नाही." संपलं. पुरुषाला उत्तर सुचलं नाही की तो हेच म्हणतो. त्याला पीएच.डी. लागत नाही.

पण मंडळी, मी त्यांना नुसतं हसणार नाही. त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. जेवताना उठायचे, खिडकीशी जायचे, परत पाटावर बसायचे. एका कुशीवर धड झोप नाही. असं का व्हावं? यंत्र मिळत नाही म्हणून? नाही हो! भीती! भीती वाटत होती त्या माणसाला. ज्यानं जन्मभर दुसऱ्याच्या चुका काढल्या, त्याच्या पोटच्या पोरीच्या लिखाणात चूक सापडली तर सांगायची कशी? आणि दुसरी भीती याहून वाईट. चूक सापडलीच नाही तर? मग पोरीला बापाची गरज काय उरली? हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही सांगितलं नाही. दुकानदाराला मात्र रोज विचारलं, "पेन कुठल्या टोकाचं येतं?"

म्हणा माझ्यामागे! पेटी द्या हो जरा.

*साधनांची भरली जत्रा, साध्य राहिले दाराशी।*
*हात धुण्यात गेला वेळ, ताट निवाले पाटाशी॥*

ही ओळ कुठल्या पोथीत शोधू नका. येता येता एस.टी.त मीच जुळवली. वाहकानं दोनदा तिकीट विचारलं, तेव्हा कुठे पूर्ण झाली!

पुढे ऐका. मधून मधून चारुताचा फोन. "बाबा, कुठवर आलं?" — "सुरुवात चांगली आहे." खोटं नव्हतं हो अगदी! मुखपृष्ठ त्यांनी पाहिलं होतं! पुन्हा फोन. "बाबा, दुसरं प्रकरण जरा बघा हं, तिथे माझी खात्री नाही." — "बघतो. यंत्र आलं की सलग बसतो." ती बिचारी काय म्हणणार?

नवरात्र बसलं. अष्टमीला यंत्र घरी आलं! मोठा पडदा, कागदासारखा, सोबत खुणा करायचं पेन. खोक्यातून काढलं. हलकं, सुबक. पान आख्खं दिसतंय, अक्षर ठसठशीत. आता काय राहिलं? काही नाही! बसा आणि वाचा!

त्र्यंबकराव म्हणाले, "उद्या खंडेनवमी. नवी वस्तू पूजा केल्याशिवाय वापरायची नाही."

आता नावं ठेवू नका हं कुणी! छापखान्याची रीतच होती ती. खंडेनवमीला यंत्र धुवायचं, पुसायचं, झेंडूची माळ घालायची. खिळ्यांचे खाने पूजेत, बांधणीची सुई पूजेत, आणि त्र्यंबकरावांची निळी पेन्सिलही पूजेत. त्या दिवशी छापखान्यात कुणी एक अक्षर वाचायचं नाही. जन्मभर पाळलं त्यांनी. चांगलंच आहे की! हत्याराला एक दिवस नमस्कार करावाच माणसानं. पण अहो, वर्षभर हत्यार चालवलं त्यानं एक दिवस ठेवावं. ज्यानं चालवलंच नाही, त्यानं पूजेला काय ठेवायचं?

नवमीची सकाळ. देवघरात पाटावर वस्त्र, वस्त्रावर यंत्र. त्याला हळद, कुंकू, अक्षता. मंदाताई म्हणाल्या, "अहो, पाणी शिंपडू नका, भोकातून आत जाईल!" तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, झालं का?"

"अगं, यंत्र आलंय! फार छान आहे. पान असं दिसतंय म्हणून सांगू—"

"बाबा, वाचून झालं का? उद्या दसरा, सगळं बंद. झेरॉक्सवाला आज दुपारपर्यंतच छापून बांधून देणार आहे."

त्र्यंबकरावांनी पाटाकडे पाहिलं. आणि मंडळी, काय बोलावं त्या माणसानं? म्हणाले, "चारू, आज यंत्र पूजेत आहे गं."

मग पोर म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं! आपल्या मराठीत भांडणाला हजार शब्द आहेत. पण ज्याला खरंच लागलं, तो 'बरं' म्हणतो आणि फोन ठेवतो. मंदाताई नैवेद्याचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं.

दसरा उजाडला. पूजा उतरली तशी त्र्यंबकरावांनी यंत्र उचललं. कुंकवाचं बोट धोतरालाच पुसलं आणि बसले. पहिलंच पान ऋणनिर्देशाचं — कुणाकुणाचे आभार मानले ते. मार्गदर्शकांचे आभार, ग्रंथपालांचे आभार, वसतिगृहातल्या मावशींचेही. आणि शेवटी काय लिहिलंय?

'या प्रबंधाचे अक्षर न् अक्षर माझे वडील त्र्यंबक करंबेळकर यांनी वाचून तपासले आहे. त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय मला काहीच पुरे झाल्यासारखे वाटत नाही.'

काय झालं असेल हो त्या बापाचं? वाचण्याआधीच पोरीनं लिहून टाकलं होतं. तिच्या मनात शंकाच नव्हती! त्र्यंबकरावांनी पेन हातात घेतलं. म्हणाले, आज खरं करतो! आज ही ओळ खरी करतो!

आणि वाचायला लागले. उठले नाहीत! ज्या माणसाला महिनाभर एका जागी बसवत नव्हतं, तो माणूस हलला नाही! दामू जुळाऱ्याच्या शिव्या वाचून एकटेच खो खो हसले. छपाईयंत्रावरचा रहमानचाचा शाईला 'काळी आई' म्हणायचा, ते वाचून डोळे पुसले. 'अगं मंदा, ऐक, ऐक हे!' करत अर्धं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. आणि चुका? सापडल्या की! दुसऱ्या प्रकरणात तर चांगल्या ठळक सापडल्या, बरोबर तिथेच, जिथे पोरीची खात्री नव्हती. पेननं समासात खुणा केल्या. केवढा आनंद झाला त्यांना! पोरीला बापाची गरज होती हो! होती!

संध्याकाळी चारुता आली. हातात आपट्याची पानं. आईला सोनं दिलं, बापाला सोनं दिलं, वाकून नमस्कार केला. पिशवीतून बांधलेला प्रबंध काढला आणि देवापुढे ठेवला. काळं पुठ्ठ्याचं आवरण, वर सोनेरी अक्षरं.

"चारू, वाचला गं! सगळा वाचला! काय लिहिलंयस तू! हे बघ, दुसऱ्या प्रकरणात—"

"हो बाबा? बरं झालं," ती म्हणाली. हसली सुद्धा. पण यंत्राकडे तिनं पाहिलं नाही.

त्र्यंबकरावांनी देवापुढची प्रत उचलली. जन्माची सवय ती! डाव्या हाताला यंत्रातलं मूळ, उजव्या हाताला छापलेलं. पहिलं पान उघडलं. मार्गदर्शक आहेत. ग्रंथपाल आहेत. वसतिगृहातल्या मावशी आहेत. बोट खाली सरकलं आणि थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं. आणि त्यांच्या तोंडून तेच निघालं, जे छापखान्यात आयुष्यभर निघालं होतं —

"चारू, इथली शेवटची ओळ गळलीय."

चारुता बापाशेजारी बसली. त्यांच्या हातातली प्रत तिनं हळूच मिटली.

"गळली नाही, बाबा. चूक होती ती. मी काढली."

…

नको, पेटी नको आत्ता. तबलाही नको.

पोर रागावली असती तर बरं झालं असतं हो! भांडली असती, रडली असती, तर बाप समजूत घालायला गेला असता. ती रागावली नाही. श्रीखंड-पुरी जेवली, आईशी गप्पा मारल्या, सकाळच्या गाडीनं गेली. प्रबंध गेला, पदवीही मिळेल. बापावर तिची माया आहेच, उद्याही राहील. फक्त एक ओळ तिनं काढून टाकली. आणि ज्या माणसानं आयुष्यात कुणाची चूक राहू दिली नाही, त्याला ही ओळ परत घालायला कुठल्याच यंत्रावर जागा सापडली नाही.

आता माझ्याकडे काय बघता? स्वतःकडे बघा! चांगली साधनं घेऊ नका असं मी म्हणतच नाही. डोळ्यांना सोसेल ते घ्या, हाताला पेलेल ते घ्या! पण तुमची वाट बघणारं माणूस यंत्राची वाट बघत नसतं. ते तुमची वाट बघत असतं! कुणीतरी तुम्हाला म्हणालंय, 'हे बघाल ना? ऐकाल ना? याल ना?' — आणि तुम्ही म्हणालात, 'नीट वेळ काढून, सलग बसून, निवांत!' कोण आहे ते? आलं ना नाव डोळ्यांपुढे? मला सांगू नका. मी ओळखत नाही त्याला.

काढा तो मोबाईल खिशातून! हो, देवळात! मी सांगतोय ना! छोटा असू दे, काच फुटलेली असू दे. आत्ता लावा फोन त्या माणसाला.

आरतीचं तबक मी धरून उभा राहतो. देवीआई काही रागवायची नाही. तुमचं बोलून झालं की सांगा, मग निरांजन लावू.